नातीच्या नावापुढची तारीख

दर शनिवारी दुपारी ती पालघरहून बोईसरला येई आणि रविवारी संध्याकाळी परत जाई. मध्ये उमरोळी हे एकच स्थानक. आई-वडील वेगळे झाल्यापासून दोघांत बोलणे उरले नव्हते. तेव्हा ने-आण करण्याचे काम आजोबांकडे आणि निरोप पोहोचवण्याचे त्या दहा वर्षांच्या मुलीकडे आले होते. तिच्या खर्चाचे पैसेही पाकिटात घालून तिच्याच दप्तरात ठेवले जात.

पाकीट कधी जाड असे, कधी नसेच. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना नट-बोल्ट, पाइप, व्हॉल्व्ह पुरवणारी ती पेढी. बिले दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी सुटत. "पार्टीचे पेमेंट अडकले आहे, मम्मीला सांग," असे वडील म्हणत. मग आईचा निरोप येई की पुढच्या शनिवारी अभ्यास आहे, यायला जमणार नाही. संवत्सरीला वडिलांनी आईला 'मिच्छामि दुक्कडम्' धाडले; त्या महिन्याचे पैसे मात्र राहिलेच.

एका रविवारी गाडीत मुलगी म्हणाली, "दादाजी, मला शाळेच्या सहलीला जायचेच नाही."

"का गं?"

"पप्पांची पार्टी अजून आली नाही ना."

चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या त्या गृहस्थांनी उधारीचे तगादे पुष्कळ ऐकले होते, पुष्कळ केलेही होते. दप्तर मांडीवर घेऊन मुकाट बसलेला वसुलीदार त्यांनी प्रथमच पाहिला.

रात्री त्यांनी देण्यांची वही उघडली. भाडे, नोकरांचे पगार, बँकेचा हप्ता, जीएसटी, प्रत्येकापुढे तारीख होती. नातीची ओळ 'किरकोळ'मध्ये होती आणि तिच्यापुढे तारीख नव्हती.

जैनांनाही लागू असलेल्या 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम 26 मुलांच्या ताब्याविषयी, पालनपोषणाविषयी व शिक्षणाविषयी आहे. 1956 च्या दत्तक व निर्वाह कायद्याने ही जबाबदारी आई-वडील दोघांवर ठेवली आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी ठरवून दिले की, दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर मांडावीत आणि निर्वाहखर्च अर्जाच्या तारखेपासून द्यावा. नोकरदाराची कमाई पगारपत्रकात दिसते. पेढीवरच्या मुलाची कमाई भागीदारीत आणि एकत्र कुटुंबाच्या खात्यात विखुरलेली असते, आणि कागदावर त्याचा तुटपुंजा पगार दाखवण्याचा मोह चांगल्या घरांनाही पडतो. गाडी, सोने, यात्रा सारे पेढीतून होत असताना तो आकडा किती खरा, हे घरच्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

आजोबा स्वतः पालघरला गेले. "सूनबाई, पैसे हे भेटीचे तारण नव्हे आणि भेट हे पैशांचे नव्हे. एवढे दोघांनी मानले, तर पुढचे वकील लिहून देतील." शाळेची फी परस्पर शाळेत, दरमहा ठरावीक रक्कम 5 तारखेला आईच्या खात्यात, आजारपण निम्मे-निम्मे, कपडे व शिकवणी आईकडे आणि दर जूनला वाढ, असे ठरून ते न्यायालयात नोंदले गेले.

पहिल्याच 5 तारखेला कारखान्याचे पेमेंट आले नव्हते. वडिलांनी एका पुरवठादाराकडे आठवड्याची मुदत मागितली आणि बँकेत पैसे भरले.

रविवारी बोईसर स्थानकावर सवयीने दप्तराचा आतला कप्पा उघडून मुलीने विचारले, "मम्मीला काय सांगू?"

"काही नाही."

कप्प्यात दादीने दिलेले खाखरे होते. उमरोळीपर्यंत ते संपले.