मोहल्ल्याची वही

तुमच्या पणजोबांचे नाव तुम्हांला सांगता येईल का? तुमच्यांपैकी काही जण लगेच सांगतील. आता पणजीचे नाव सांगा. इथे बहुतेकांना थांबावे लागेल. कोणी म्हणेल, 'बडी बूबू', कोणी म्हणेल, 'दादीअम्मा'. पण ही नावे नव्हेत, ही नाती आहेत.

आपले कल्याण फार जुने गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते बंदर म्हणून परदेशांत ठाऊक होते. मोगल सरदार मातबरखान याचा मकबरा इथे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली इथलाच. मुंबईहून ठाण्यापर्यंत १८५३ मध्ये आलेली रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली. हे सारे तुम्ही वाचता आणि परीक्षेत लिहिता. पण त्या रेल्वेसाठी रूळ वाहणारे कोण होते? मकबऱ्याचे दगड कोणी घडवले? पुस्तकात त्यांना जागा मिळत नाही. पुस्तके लहान असतात आणि माणसे फार, असे म्हणून आपण पान उलटतो.

तरी कधीकधी एखादे नाव टिकून राहते. बोरिवलीजवळच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. बौद्ध भिक्षू तिथे राहत. ज्यांनी त्यांच्यासाठी काही दान दिले, त्यांची नावे तिथल्या खडकावर ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांत राजघराण्यातली माणसे आहेत, व्यापारी आहेत, आणि आपल्या कल्याणचा एक लोहारही आहे. त्याचे नाव नंद. त्याने लेण्यांकडे जाणारी एक वाट करून दिली. कल्याणच्याच स्वामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले. लेख एकेका ओळीचे आहेत. पण इतकी शतके उलटून गेल्यावर आज मी तुम्हांला एका लोहाराचे नाव सांगू शकते, ते त्या एका ओळीमुळे.

इंग्लंडमध्ये हे काम निराळ्या रीतीने झाले. तिथे 'पॅरिश' म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. आपल्या मशिदीची जमात असते ना, काहीसे तसेच. राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने आठवड्यात झालेली लग्ने, बाप्तिस्मे आणि दफन यांची नोंद दर रविवारी वहीत करावी. ही वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. लोकांना वाटले, आता आपल्यावर नवा कर बसणार! पण वह्या चालू राहिल्या. त्यामुळे इंग्लंडातल्या अनेक खेड्यांत आज तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या शेतमजुराचे लग्न कोणत्या दिवशी झाले, त्याची किती मुले दगावली, हे सांगता येते. गावातली हौशी माणसे त्या नोंदी उतरून काढतात आणि चर्चच्या अंगणातल्या कबरींवरच्या दगडांशी ताडून पाहतात.

आपल्याकडे तसे दगड नसतात. कबर बहुधा कच्ची ठेवण्याची आपली रीत आहे. शहरात जागा अपुरी असते, म्हणून काही वर्षांनी त्याच जागी दुसरी मय्यत दफन होते. यात मला वाईट वाटत नाही. माती सर्वांना सारखीच आहे. मात्र नाव मातीत ठेवायचे नसेल, तर ते दुसरीकडे कुठेतरी ठेवावे लागते. काझीसाहेबांच्या निकाहाच्या दफ्तरात ते असते. जन्म-मृत्यूची नोंद तर १९६९ च्या कायद्याने सक्तीची आहे. पण या नोंदींत नाव सापडते, माणूस सापडत नाही. तो शोधायला शेजाऱ्यांकडे जावे लागते.

आमच्या मोहल्ल्यातल्या तीन-चार माणसांविषयी सांगते. त्यांच्या घरच्यांना अजून विचारलेले नाही, म्हणून इथे त्यांची नावे देत नाही.

आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून कब्रस्तानाची भिंत दिसत असे. तिथे कबर खोदणारे एक चाचा होते. सडपातळ, बुटके, डोक्याला नेहमी गमछा. त्यांच्याजवळ गाठी मारलेली एक सुतळी असे. तीच त्यांची मोजपट्टी. इतक्या गाठी लांबी, इतक्या गाठी रुंदी; लहान मुलासाठी वेगळी गाठ होती. ती गाठ मोजताना ते कोणाशी बोलत नसत. पावसाळ्यात त्यांचे काम फार जड होई. आपले कल्याण खाडीकाठी वसलेले, जुलैत खड्डा खणला की तळाशी पाणी झिरपू लागे. मग डब्याने पाणी उपसायचे आणि मय्यत येईपर्यंत उपसत राहायचे. "पाहुण्याला ओल्या बिछान्यावर कसे निजवायचे?" असे ते म्हणत.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण कोण कुठे दफन आहे, हे त्यांना तोंडपाठ होते. २६ जुलै २००५ च्या महापुराच्या वेळी मी शाळेत शिकत होते. पाणी ओसरले तेव्हा सखल भागातले मातीचे उंचवटे सपाट झाले होते. लोक येऊन विचारू लागले, "आमचे वालिद कुठे? आमची मुलगी कुठे?" चाचा सुतळी घेऊन चिखलातून चालत. चिंचेच्या झाडापासून इतकी पावले, भिंतीपासून इतकी, आणि मग हात ठेवून सांगत, "इथे." असे त्यांनी कितीतरी दिवस केले. रोजंदारी बुडाली, पायाला जखम झाली, तरी ते जात राहिले. पुढे काही वर्षांनी ते वारले. त्यांच्याबरोबर कब्रस्तानाचा सगळा नकाशा गेला. तेव्हा एखाद्या मुलाने त्यांच्याजवळ बसून कागदावर चार रेघा ओढल्या असत्या तर!

दुसरे सांगायचे ते रेतीबंदरच्या एका डुबीवाल्याविषयी. डुबी म्हणजे काय, हे तुम्हांला कदाचित ठाऊक नसेल. खाडीत होडी उभी करून माणूस बादली घेऊन तळाशी बुडी मारी, श्वास रोखून बादलीत रेती भरी, आणि वरचे लोक ती ओढून घेत. असे दिवसभर चाले. ठाणे-कल्याण परिसरातल्या कितीतरी इमारतींना अशी रेती लागली आहे. या चाचांचे कान त्यामुळे निकामी झाले होते. अजान ऐकू येत नसे, म्हणून ते शेजारच्या मुलाला सांगून ठेवत, 'मला हात लावून सांग.' तो मुलगा म्हणजे माझा भाऊ.

आणि आमचे पोस्टमनकाका. ते मराठी, राहायला स्टेशनच्या पलीकडे, पण आमच्या प्रत्येक घराची त्यांना माहिती. कोणाचा मुलगा दुबईत, कोणाचा कुवेतमध्ये, कोणाच्या घरी पत्र वाचून दाखवावे लागते, हे सारे ते जाणत. ईदच्या शीरखुर्म्याचा पहिला डबा त्यांच्या घरी जाई. आता ते निवृत्त आहेत. आमच्या वहीतली निम्मी माहिती त्यांच्याकडून मिळाली. जमातीतले ते नव्हेत, पण मोहल्ल्यातले नक्कीच आहेत.

ही वही कशी सुरू झाली, तेही सांगायला हवे. उर्दूतले एक जुने व्यक्तिचित्र तुमच्यांपैकी काहींनी वाचले असेल : मौलवी अब्दुल हक यांचे 'नामदेव माली'. बाबा-ए-उर्दू म्हणून ओळखले जाणारे अब्दुल हकसाहेब त्या वेळच्या औरंगाबादेत राहत होते. नामदेव हा तिथल्या मकबऱ्याच्या बागेतला माळी. जातीमुळे लोक त्याला खालचा समजत. तो रोपांशी लेकरांसारखा वागे, आजारी रोपाला औषध देई, दुष्काळात पाण्याची एकेक घागर वाहून आणी. मधमाश्यांचा थवा चालून आला तेव्हा बाकीचे माळी पळाले. हा कामात इतका गढला होता की त्याला कळलेच नाही, आणि त्यातच तो गेला. उर्दूच्या एवढ्या मोठ्या विद्वानाने एका माळ्यावर लिहिले, आणि म्हणून तो आजही शाळेशाळेत वाचला जातो. त्याच 'चंद हमअस्र' या पुस्तकात मोठमोठ्या लोकांची चित्रे आहेत. माझ्या मते माळ्याचे चित्र त्या सर्वांत सरस आहे.

हा धडा शिकवून झाल्यावर नववीच्या मुलींनी विचारले, "मिस, आपल्याकडे असे कोणी नव्हते का?" म्हणून शंभर पानी वही आणली. एका माणसाला एक पान. मुली घरोघर जाऊन विचारतात : काम काय करत? हाताला काय लागले होते? कशावर रागवत? सुरुवातीला सगळीच पाने एकसारखी येऊ लागली. 'ते फार नेक होते, सर्वांशी प्रेमाने वागत.' अशाने माणूस दिसत नाही. आता त्या लिहितात, की अमुक आजोबा उसने पैसे परत मागायला पहाटेच दारात उभे राहत. घरचे हसतात आणि म्हणतात, "हो, हेच ते!"

सध्या आम्ही एका पानावर अडलो आहोत. ते पान एका खालाचे आहे. मोहल्ल्यात कोणत्याही बाईची मय्यत झाली की तिला गुसल द्यायला खालाच जाई. मध्यरात्री बोलावले तरी जाई, आणि एक पैसा घेत नसे. पुरुषाच्या कफनाला तीन कपडे, बाईच्या कफनाला पाच, ते कसे फाडायचे आणि कसे गुंडाळायचे, हे तिने आमच्या आईच्या पिढीतल्या कितीतरी जणींना शिकवले. पाणी फार गरम नको, फार गार नको, आधी स्वतःच्या मनगटावर घालून पाहायचे, जणू आत निजलेल्या बाईला चटका बसेल. पोटासाठी ती साड्यांना फॉल लावी. बाजारातल्या दुकानदारांची कापडे तिच्या खोलीत रचलेली असत. लग्नसराईत हिंदू घरांतले शालू आणि इतर वेळी पांढरे लठ्ठ्याचे कफन, दोन्ही एकाच कात्रीने कापले जाई.

खालाला मूलबाळ नव्हते. २००४ साली ती वारली. पुढच्या वर्षीच्या पुरात तिच्या खोलीतले कागद भिजून गेले. दफनाच्या वहीत तिच्या नवऱ्याचे नाव आहे आणि पुढे 'यांची बेवा' एवढेच आहे. आम्ही सर्वांना विचारले. सगळे म्हणाले, "खाला, खाला." महानगरपालिकेत नोंद असणार, पण ती शोधायला नावच लागते! जिने मोहल्ल्यातल्या शेकडो बायकांना अखेरचे पाणी घातले, तिचे नाव एकालाही सांगता येईना.

ते नाव मागच्या महिन्यात मिळाले. तिच्या शेजारणीने तिचा पाण्याचा हंडा ठेवून घेतला होता. ती चाळ आता पाडायची आहे, माणसे मुंब्रा, भिवंडी, टिटवाळा अशी पांगत आहेत. सामान बांधताना हंडा उलटा ठेवला, तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरे दिसली. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून घेतात ना, तसे तिच्या लग्नात वडिलांनी घालून घेतले होते. भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा मराठी, म्हणून अक्षरे देवनागरी. शेजारीण उर्दू शिकलेली, तिला ती नक्षीच वाटत आली. आमच्या वर्गातल्या मुलीने हंडा उजेडात धरला आणि बोट फिरवत एकेक अक्षर मोठ्याने वाचले.

आता महानगरपालिकेकडे अर्ज करायचा आहे. तो मुलींनी मराठीत लिहिला. त्यांत एक गंमत झाली. छापील अर्जात 'मयताचे नाव' असा रकाना होता. एक मुलगी म्हणाली, "मिस, हा तर आपलाच शब्द!" मग तिने त्या रकान्यात खालाचे पूर्ण नाव सावकाश, गोल अक्षरांत लिहिले.