माशाच्या मनातील गाय

मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढणाऱ्याने मजकुराचा बिनचूक पुरावा तेवढा द्यावा, मजकुरात गाय आली की पानावर कोणालाही ओळखू येईल अशी गाय उभी करावी, असा आमच्या व्यवसायातील जुना शिरस्ता आहे. आणि त्याविरुद्ध मला जे म्हणावयाचे असते, ते लिओ लिओनी यांच्या १९७० सालच्या ‘फिश इज फिश’ या चित्रपुस्तकाने फार पूर्वीच सिद्ध करून ठेवले आहे. लिओनी मूळचे अॅमस्टरडॅमचे. अमेरिकेत ‘फॉर्च्यून’ मासिकाच्या कलाविभागाची धुरा वाहिलेला हा गृहस्थ, आगगाडीत नातवंडांना रमविण्यासाठी रंगीत कागदाचे कपटे फाडून सांगितलेल्या एका गोष्टीमुळे, पन्नाशीच्या उंबरठ्यावर बालसाहित्यात आला.

प्रस्तुत पुस्तकात एक लहान मासा आणि एक बेडूकमासा यांची मैत्री आहे. यथाकाल बेडूकमाशाला पाय फुटतात, तो तळे सोडून जग पाहावयास जातो, आणि परतल्यावर मित्राला पक्षी, गायी व माणसे यांची हकीकत सांगतो. पक्षी माशाला कसे दिसले, हे मजकूरच सुचवितो. परंतु गायीची पाळी आली की शब्द केवळ बेडकाची जबानी नोंदवितात, चार पाय, शिंगे, गवत, दुधाची गुलाबी पिशवी, आणि माशाच्या अंतःचक्षूंपुढे उभी राहिलेली गाय सर्वस्वी चित्राच्या स्वाधीन होते. ती गाय म्हणजे शिंगे, पाय आणि कास लाभलेला एक मासाच! बेडकाच्या सांगण्यातील एकही तपशील तिच्यात गहाळ नाही.

या पानापाशी मी नेहमी थबकतो. माशाला मान नसते, खांदा नसतो, पोटाची रेषा जबड्यापासून शेपटीपर्यंत अखंड वाहत जाते. अशा देहावर शिंगे आणि कास बसविताना हात किंचित जरी सैल सुटला, तरी चित्राचे व्यंगचित्र व्हावयास वेळ लागत नाही. लिओनींनी मात्र ती गाय माशाच्या श्रद्धेने रेखाटली आहे. बेडकाला हे चित्र दिसत नाही आणि माशाला आपल्या दृष्टीविषयी शंकाही येत नाही. दोन जिवलगांमधील हे अंतर उमगते ते, अक्षरओळखही नसलेल्या, मांडीवर बसून पाने न्याहाळणाऱ्या मुलाला, आणि मजकूर वाचून दाखविणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या नजरेतून ते पुष्कळदा निसटते.

पुढे मासा काठावर उडी घेतो, त्याचा श्वास कोंडतो, बेडूक त्याला पाण्यात परत ढकलतो, आणि आपले तळेच सर्वांत सुंदर असल्याची त्याची खातरजमा होते. ज्याने त्याने आपापल्या पायरीने राहावे, असा हुकूम या शेवटात वाचणारे आहेत. त्यांची हरकत मला सर्वस्वी निराधार वाटत नाही. तथापि ज्याच्या अद्भुत वर्णनांपायी मासा प्राणाला मुकला असता, त्याच मित्राने त्याला वाचविले आहे, आणि त्यानंतरही दोघांच्या स्नेहात उणेपणा आलेला नाही. एवढे पाहिल्यावर त्या हुकमापेक्षा हा स्नेहच मला अधिक विश्वासार्ह वाटतो.