नावाचं भाडं

मंडळी, ईमेलचा पत्ता बहुधा कंपनीच्या हातातला. तिनं दार लावलं की आपली ओळखही गेली. त्यावर तोड म्हणजे स्वतःचं डोमेन. 'डीआयडी वेब' पद्धतीत डोमेनवर एक छोटी फाईल ठेवतात. तीत आपली सार्वजनिक किल्ली असते. सॉफ्टवेअर तिच्यावरून आपली सही पडताळतं. अशा विकेंद्रित ओळखींचं मानक डब्ल्यूथ्रीसीनं २०२२ मध्ये मंजूर केलं.

पण डोमेन कायमचं विकत मिळत नाही, मुदतीच्या भाड्यानं मिळतं. भाडं थकलं की तेच नाव दुसरा घेऊ शकतो, तिथे स्वतःची किल्ली ठेवू शकतो, आणि मग आपल्या नावानं सह्या त्याच्या! माणूस गेल्यावर तर हे सहज घडेल. म्हणून मुलांनो, माझ्या डोमेनची मुदत कधी संपते ते सातबाऱ्याच्या कागदांतच लिहून ठेवलंय. असो.