गरम झाकण

आमच्या अब्बांचं गॅरेज मुंबई-आग्रा रस्त्यावर, इगतपुरीजवळ होतं. कसारा घाट चढून तापलेले ट्रक तिथं यायचे. “इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही,” अब्बा बजावायचे. मऊ पडलेला, फुगलेला होज आम्ही बदलायचो, क्लिप आवळायचो. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं की हेड गॅसकेट गेल्याची शंका. नवं बसवताना बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळायचे.

एकदा आम्ही घाईनं झाकण फिरवलं. आम्हाला बाजूला ढकलताना उकळतं पाणी अब्बांच्याच हातावर आलं. त्याच हातांनी त्यांनी आमची बी.एड.ची फी मोजली. आज उर्दू शाळेत गॅरेजमधून काळ्या नखांचा एखादा पोरगा चिडून येतो. आम्ही रागवत नाही. आधी थंड होऊ देतो.