दोन अंशांची चूक

अंबाडी नाक्यावर भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला वज्रेश्वरीचा रस्ता येऊन मिळतो. रोज सकाळी एसटीची वाट पाहत मी तिथे उभी असते. भूमिती शिकवू लागल्यापासून तो नाका मला वहीतल्या आकृतीसारखा दिसतो. सरळ रेषेला एक किरण येऊन मिळाला की दोन कोन होतात. एक वाढला की दुसरा तेवढाच घटतो. बेरीज १८० अंशच.

भिवंडीच्या एका उर्दू शाळेत मी नववीला गणित शिकवते. नाक्यावरचा त्रिकोण वर्गात मुसल्लस होतो आणि कोन जाविया. भाषा बदलली तरी बेरीज बदलत नाही, असे मी मुलींना मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

बी.एड.ला कृतीतून शिकवायला शिकले होते. म्हणून एकदा प्रत्येकीला त्रिकोण काढून कोन मोजायला लावले. सगळ्या वह्यांत १८०. एकीच्याच वहीत ५८, ६७ आणि ५३, म्हणजे १७८. मी लाल फुली मारली. ती हळूच म्हणाली, "मिस, तीन बार नापा."

परतताना एसटीत चैन पडेना. बाकी कुणाचाच कोनमापक अर्ध्या अंशानेही सरकला नाही? उघड होते. दोन कोन मोजून तिसरा वजाबाकीने लिहिला होता. खरे लिहिणारी एकटीच होती आणि फुली तिलाच मिळाली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्रिकोण काढला. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा ओढली. पायाचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोन होऊन वर आले आणि तिसऱ्याच्या दोन बाजूंना बसले. तिन्ही मिळून सरळ रेषा. माझा अंबाडी नाकाच! पेन्सिल बोथट असेल, तर मोजून १७८ येईल. सिद्धतेत पेन्सिलीचा संबंधच नाही. आजवर मी मुलींना उत्तर दिले होते, कारण दिले नव्हते.

ही सिद्धता युक्लिडच्या समांतर रेषांच्या गृहीतकावर उभी आहे. आपण ज्यांना रुबायांसाठी ओळखतो ते उमर खय्याम (१०४८–११३१) आणि पुढे नसीरुद्दीन तुसी (१२०१–१२७४) ते गृहीतक सिद्ध करायला झटले. ते इतर गृहीतकांवरून सिद्ध होत नाही, हे एकोणिसाव्या शतकात कळले. पण युक्लिडने म्हटले म्हणून त्यांनी ते मुकाट्याने मानले नाही. आणि मी मात्र मुलींकडून १८० मुकाट्याने मागत होते.

मी तिची वही मागवली, वर्गासमोर माफी मागितली आणि फुली खोडली. आता वह्यांच्या गठ्ठ्यात सगळीकडे १८० दिसले की मला धास्ती वाटते.