काळ्याची ट्यूब पेटीतच राहू द्या

इम्प्रेशनिस्ट चित्राचा विषय निघाला की आपल्याकडे ‘धूसर’ हा शब्द हमखास येतो. कडा पुसायच्या, माणसांच्या जागी चार ठिपके टाकायचे, वर जांभळट धुकं सोडायचं, की झालं शहराचं चित्र. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या तुमसरच्या धान बाजाराची किंवा देव्हाडीच्या रेल्वे स्टेशनाची अशी चित्रं काढली तर ती दिसतीलही गोड. पण ज्यांच्या नावावर हे खपतं ती चित्रं धूसर नाहीतच. ती मोजूनमापून केलेली आहेत. मोजमाप रेषेपेक्षा रंगात जास्त आहे, एवढंच.

इम्प्रेशनिस्ट चित्रकार क्लोद मोनेचं १८७७ सालचं ‘सँ-लाझार स्टेशन’ घ्या, पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातलं. पाऊण मीटर उंच, मीटरभर रुंद कॅनव्हास. वर लोखंडी छताचा भलामोठा त्रिकोण, खाली रुळावर इंजिन, डाव्या हाताला उभा डबा, उजवीकडे माणसं, आणि पलीकडे उन्हात फिकी पडलेली घरं. ही शैली म्हणजे रेखाटन कच्चं असणाऱ्यांची पळवाट, असा आक्षेप जुनाच आहे. त्याचं उत्तर या त्रिकोणात आहे. तो इतका पक्का बसलाय, म्हणूनच त्याच्या पोटात वाफेला मोकाट सोडता आलं. छत ढिलं असतं तर तीच वाफ नुसता डाग ठरली असती. इंजिनाचा एकही खिळा मोजता येत नाही, तरी ते जड वाटतं. त्याचा गडदपणा नेमका वाफेच्या उजेडाला लागून ठेवलाय, त्याची ही करामत. हात सैल आहे, निर्णय सैल नाही.

आता त्या गडदाचंच पाहू. मोनेनं हे स्टेशन पुन्हा पुन्हा रंगवलं; त्या मालिकेतलं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या रंगांची तपासणी झाली तेव्हा दिसलं, की छताचे काळपट करडे भाग निळा, हिरवा, लाल असे झगझगीत रंग एकमेकांत मिसळून केलेत. काळा जवळपास नाहीच. कोळशाच्या धुरानं माखलेलं स्टेशन, आणि काळा नाही! आमच्या तालुक्यात याची परीक्षा सोपी आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतलं मँगनीज सगळ्यांच्या लेखी काळं. पण उन्हातला ढीग नीट पाहिला तर वरच्या अंगाला आभाळाची निळसर झाक असते, सावलीच्या बाजूला खालच्या तांबूस मातीचा उजेड उलटून आलेला असतो. तिथे नुसता काळा थापला की ढिगाच्या जागी कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. (गंमत म्हणजे आपल्या पेटीतल्या अंबर रंगाचा तपकिरी गडदपणाही मँगनीजच्याच ऑक्साइडमुळे.)

खरा अडचणीचा आक्षेप वेगळा आहे. पॅरिसचं ऊन मऊ, भंडाऱ्याचं मे महिन्यातलं ऊन सुरीसारखं. इथे सावलीची कड कापल्यासारखी पडते, मग ही रीत इथे चालावी कशी? आक्षेप निम्मा खरा आहे. तुमसरच्या भर दुपारच्या रस्त्यावर मोनेचं धुकं पसरणं ही लबाडीच होईल. कड कापलेली असेल तर ती कापलेलीच रंगवावी. मात्र त्या कडेच्या आतली सावली कुठल्या रंगाची, हा प्रश्न तिथेही उरतोच, आणि घ्यायचा आहे तो हा प्रश्न, पॅरिसची हवा नव्हे. नागपूरच्या कला विद्यालयात शिकून मुंबईला गेलेल्या सय्यद हैदर रझांनी चाळीसच्या दशकात जलरंगात मुंबईचे रस्ते रंगवले, ते मुंबईचेच राहिले. आणि इथेही हवा कायम स्वच्छ थोडीच असते? हंगामात राइस मिलच्या आवारात उडणारा भुसा सकाळच्या तिरप्या उन्हात वाफेसारखाच पिवळट लोंबकळतो. पण तो रंगवायचा तर आधी मिलच्या पत्र्याचा उतार बरोबर काढावा लागतो.

मँगनीजचा ढीग कुठे दिसला तर एकदा सकाळी दहाला आणि एकदा चारला पाहा, दोन्ही वेळा रंग लावून ठेवा, आणि काळ्याची ट्यूब तेवढी पेटीतच राहू द्या.