शेपटीला पट्टी लावायची की नाही?

गेले तीन आठवडे आमच्या घरात एकच वाद चालू होता : विमानाच्या शेपटीला पट्टी लावायची की नाही. विमान म्हणजे बाल्सा लाकडाचं, हातभर पंखांचं, रबर पिळून उडणारं. आमच्या नववीतल्या लेकाने बनवलेलं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं, हे आम्हीच त्याला सांगितलं होतं. तेव्हापासून आमच्या गच्चीवर सुक्या मच्छीशेजारी बाल्साच्या काड्या वाळतात.

आम्ही म्हणजे मायलेक. त्याचे अब्बू दम्मामला असतात, एसीच्या डक्टचं काम करतात.

फजरनंतर, क्रिकेटवाले यायच्या आत, आम्ही कल्याणच्या सुभाष मैदानावर गेलो. हातातून सुटलं की विमान डावीकडे वळे आणि गोल फिरून खाली येई. प्रोपेलर मागून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. त्याच्या उलट धक्क्याने विमान डावीकडे कलतं. खऱ्या एका इंजिनाच्या विमानातही चढताना पायलटला बहुधा उजवं पेडल दाबून ठेवावं लागतं. पाय भरून येऊ नये म्हणून काही विमानांत कॉकपिटमधून फिरवता येणारं रडर ट्रिम असतं. साध्या विमानांना जमिनीवरच हाताने वाकवायची पत्र्याची पट्टी असते.

लेकाने थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून शेपटीला चिकटवला, उजवीकडे वाकवला. विमान सरळ गेलं! मग रबराचा पीळ उतरला, डावी ओढ संपली, पट्टी मात्र तशीच. उजवीकडे वळत वळत ते भिंतीवर आदळलं. पंख मोडला. घरी पोहोचेपर्यंत पोरगा बोलला नाही.

शुक्रवारी अब्बूंचा फोन आला. “पट्टी काढ बेटा. प्रोपेलरचं नाकच जरा उजवीकडे कर. फिरेल तोवरच त्याचा असर, थांबला की संपला. नाकाच्या डाव्या बाजूला काडेपेटीचा एक पुठ्ठा घाल.”

फोन ठेवल्यावर लेक म्हणाला, “दोन वर्षं घरी आले नाहीत, आणि तिथून सांगतात!”

वर्गात असतो तर आम्ही काहीतरी सुनावलं असतं. घरात जमलं नाही. एवढंच म्हटलं, “अब्बूंचं राहू दे. पंख जोडू, पट्टी काढून, रबर न पिळता फेकून बघू.”

दहा वेळा फेकलं. दहाही वेळा सरळ उतरलं. म्हणजे शेपटीत दोष नव्हताच; ओढ होती ती फक्त प्रोपेलरची. त्याने न बोलता काडेपेटी मागितली. एका पुठ्ठ्याने भागलं नाही, म्हणून दोन घातले. विमान भिंतीच्या बरंच अलीकडे, गवतात अलगद टेकलं.

व्हिडिओ अब्बूंना पाठवला तो त्यानेच, खाली एक अक्षर न लिहिता. दुपारी उत्तर आलं : “दोन पुठ्ठे कशाला?”

लेकाने लगेच फोन लावला.